कुगिमियांच्या सिनेमात तुझे बाबा

प्रिय चिझुरु,

फोनवर मी "सिनेमा बरा होता" एवढंच म्हणाले आणि तू लगेच विषय बदललास. तेव्हाच तुला कळलं असणार. म्हणून आता नीट सांगते.

कुगिमियांच्या राजकारणी घराण्याच्या तीन पिढ्यांवरचा माहितीपट रविवारी आपल्या नगरभवनात दाखवला. सगळं गाव लोटलं होतं. शेजारच्या होन्माकाकूंनी माझी जागा धरून ठेवली होती, वर चहा आणि काकडीचं लोणचंही आणलं होतं. थोरले साहेब पडद्यावर आले तशी पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी खुलली. "तो पूल बघ, साहेबांनीच आणला." "मग, तुझ्या सासऱ्याने आणला असं कोण म्हणतंय?" मीही हसले. खोटं कशाला बोलू, तो पूल नसता तर तू दवाखान्यात पोचायच्या आधी रस्त्यातच जन्मली असतीस.

पण माझे डोळे तुझ्या बाबांना शोधत होते. सचिव म्हणून उभं आयुष्य साहेबांच्या मागे चालले, कुठेतरी दिसतीलच. दिसले. साहेब प्रचारात कुणाच्या तरी घरात शिरतात आणि मागून दोन हात वाकून त्यांचे बूट दाराकडे तोंड करून ठेवतात, निघताना पाय सहज सरकावेत म्हणून. फक्त हात. चेहरा आलाच नाही. मी हातांवरून ओळखलं गं. पुढे ते लाचेचं प्रकरण आलं. "एका सचिवाने सारा दोष पत्करून आत्महत्या केली." एवढंच वाक्य, त्यात नाव नाही. माझ्या मागे बसलेल्या एका नव्या सुनेने विचारलं, "कोण हो हा?" नवरा म्हणाला, "होता एक. साहेब मात्र थोडक्यात वाचले." दोष कुणाचा होता हे त्या सभागृहातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक आहे. होन्माकाकूंनी नुसता माझा हात धरला.

लगेच पुढची निवडणूक. साहेब जिंकले, पडद्यावरचे लोक दोन्ही हात वर करून तीनदा बान्झाईचा जयजयकार करू लागले आणि सभागृहही उठलं. जन्माची सवय. चिझुरु, मीही उठले. बाबांच्या जिवावर मिळालेल्या त्या विजयाला मी बान्झाई म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना भान आलं, पण एकटीने हात खाली घ्यायची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर खूप रडले.

तू किती वर्षं म्हणतेस, सप्पोरोला माझ्याकडे ये. मी म्हणायचे, बाबांच्या थडग्यावर पाणी कोण घालणार? खरं तर मी वाट पाहत होते. या गावात एकदा तरी कुणीतरी तुझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणेल, तेइजींनी काही केलं नव्हतं. आता कुणी म्हणणार नाही. काल देवळातल्या भिक्षूंना भेटले. थडगं उघडून आतला अस्थिकलश द्यायला ते तयार आहेत. बर्फ पडायच्या आत ये. कलश जड नसतो, मी एकटीही आणेन. पण या गावातून त्यांना नेताना त्यांना बाबा म्हणणारं कुणीतरी सोबत हवं.

तुझीच, निघायला तयार झालेली,
आई