मधला कोंब

८ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पांढऱ्या ट्यूलिपचे कंद काल लावले. आधी भिंतीकडेचा वाफा, मग दारातली मोठी कुंडी. आईचा रिवाज तोच ठेवलाय: वाफा जगाला दाखवायला, कुंडी घरच्यांची, माणशी एक कंद. बाबा, मी, तू आणि तुझे अहो. त्यांचा कंद नाक वर करूनच लावलाय, काळजी नको. मागे तू उलटा लावलास, तो वाकडातिकडा उगवला आणि जावईबापू वर्षभर मान धरून बसले होते.

आईचा यंदा लावला नाही. गेलेल्या माणसाचा कंद लावू नये, हेही तिचंच सांगणं. बाबा रुसलेत. म्हणाले, माती तरी तिच्यासारखी दाब. तिच्या अंगठ्याचा शेंडा कातरीनं गेलेला, म्हणून प्रत्येक कंदावर तिरका खळगा उमटायचा, आठवतं? माझा कसा उमटणार! मी आपली तळहातानं दाबली.

लोभ आहेच, तो वाढव, आणि थोडं वजनही.
ताई

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. कोंब आले. वाफ्यात रांगेत, शहाण्यासारखे. कुंडीत मात्र एक जास्तीचा, अगदी मधोमध. माती मी स्वतः चाळून भरली होती, जुना कंद राहणं शक्यच नाही. बाबांना सांगितलं, तिथंच चुकलं. आता सकाळी उठले की कुंडीपाशी खुर्ची टाकतात आणि आलीस का म्हणून विचारतात. जेवायला हाक मारली तर ती एकटी कशी बसेल म्हणतात. अन्नावरची वासनाच उडालीय त्यांची.

मला पाहवेना. मंगळवारी सकाळी मन घट्ट केलं, कोंब कंदासकट उपटला आणि पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकला. एवढ्या थंडीत कंद हाताला कोमट लागला. रागावू नकोस, लोभ असू दे.
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पडल्या पडल्या लिहितेय, अक्षराला हसू नकोस. मंगळवारी सकाळी मला रक्त जाऊ लागलं. हो, दिवस गेलेत, तिसरा महिना. मागच्या दोन्ही वेळा जे झालं त्या धास्तीनं या खेपेस कुणाला बोलले नव्हते, तुलाही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, ठोके आहेत, हलू नकोस.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. ताई, तो कोंब आईचा नव्हता गं. माणशी एक, तूच लिहिलंस ना? जा, शोध, परत लाव. हवं तर वेडी म्हण, पण आधी लाव.
धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. पत्र हातात धरूनच धावले. सगळा ढीग उपसला, कंद नाही. रडत कुंडीपाशी आले तर कोंब मधोमध उभा, जागच्या जागी. बुडाशी माती दाबलेली, आणि तिच्यात तिरका खळगा.

बाबांचे हात थरथरतात, त्यांना शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. तरी विचारलं, तर हसले. म्हणाले, तिनंच लावला, तुम्हा पोरींना नाक कुठलं नि बूड कुठलं ते कधी कळलंय! मी आता कुंडीला शिवत नाही, पाणीही लांबूनच घालते. मला भीती वाटते, धाकटे. उपटला तो याच हातांनी. तू कशी आहेस? दोन ओळी तरी लिही.
ताई

२५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. रक्त तेव्हा थांबलं ते थांबलंच, डॉक्टरीणबाई खूश आहेत. मधलं फूल सगळ्यांआधी उमललं हे वाचून पोटभर रडले. बाबांना सांग, आजोबा होताय, आता नीट जेवा.

एक गोष्ट फक्त तुला. बाळ आता हलतं. पाय मारले की पोट बाहेर उचललं जातं, यांना त्याची कोण मौज! पण काल दुपारी बाळ निवांत होतं, खोलीत मी एकटी. पोटावर मधोमध खळगा पडला. आत. कुणी अंगठ्यानं हलकेच दाबावं तसा, आणि तिरका.

मी हलले नाही. तिला नीट दाबू दिलं.

लोभ आहे तो असाच राहो. तुझा, आणि तिचाही.
धाकटी