निळं टोक

सर, मागच्या रविवारी मी आपल्या शहराबाहेर, पाटनच्या रस्त्यावरच्या त्या शेतात जाऊन आले. सत्तावन्नच्या बंडात तिथे लढाई झाली, त्यावर मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्यायची आहेत. शेतमालकाने एक विहीर दाखवली. "दीदी, इसी में कूदे थे सब." विहिरीची वीट माझ्याहूनही कमी वयाची दिसत होती. मी विटेवर बोट ठेवलं, तर म्हणाला, ती नाही, दुसरी होती, बुजवली. मी मान डोलावली आणि वहीत एक अक्षर उतरवलं नाही. ओढ्याच्या आडून कोण आलं, तोफ कुठे होती, हे नीट ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, तुम्ही, आणि ते सगळं तुम्ही एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही कशी गेली हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

एकाहत्तरचा हिवाळा. मी दहा वर्षांची, बाबा तोफांच्या कारखान्यात. युद्ध अजून पेटायचं होतं, पण आमच्या खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि बाबा रोज जेवताना बजावत, "कोणी नकाशा काढून राहिला, काही मोजून राहिला, की मला सांगायचं. ओळखीचा असला तरी." आई पोळी वाढताना विचारायची, "ओळखीचा काहून?" "ओळखीचाच असतो तो." गोहलपूरचा कल्हईवाला दरवर्षी यायचा, त्या वर्षी बाबांनी त्याची झोळी उघडायला लावली. त्याने ती अंगणात सरळ उलटीच केली. "साहब, नौसादर है, बम नहीं." आम्ही खूप हसलो. बाबा हसले नाहीत, त्यांनी नवसागराचा खडा उचलून वास घेतला.

तुम्ही राइट टाउनच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवायचात. रविवारी सायकलने त्या शेतात जायचात, बांधापासून ओढ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचात आणि वहीत खुणा करायचात. बंडवाले लाल, कंपनीचे निळे, एकाच पेन्सिलीची दोन टोकं. त्या वर्षी आमच्या वर्गाला तिथे नेऊन तुम्ही लढाई लावलीत. सगळ्यांना लाल व्हायचं होतं. तुम्ही माझ्या दंडाला निळी फीत बांधलीत.

"सर, मी काहून कंपनीकडून?"

"तुमचं घर मूळचं कुठलं?"

"कामठीचं."

"मग झालं तर. ही पलटण कामठीहूनच आली होती. निळ्यांतही देशीच शिपाई होते, बेटा. त्यांच्यामागे गाड्या हाकत आपल्याकडची माणसं आली, काही इथेच राहिली. दोन्हीकडे आपलेच होते. म्हणून तर ही लढाई कोणी सांगत नाही."

आज ते वाक्य मला पूर्ण कळतं. तेव्हा फक्त फीत कळली. परतताना ट्रकमध्ये सगळी मुलं मला गद्दाराची नात ठरवून एका सुरात ओरडत होती, "ग‌द्दार की पोती, गद्दार की पोती!" तुम्ही पुढे ड्रायव्हरजवळ बसला होतात, मागे वळून पाहिलं नाहीत. मी फीत काढायला गेले, पण गाठ पक्की होती. घरी येऊन ती विळीवर कापली.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "आमचे सर शेतात नकाशे काढतात. पावलं मोजतात." बाबांचा हात ताटातच थांबला. "कधीपासून?" "दर रविवारी." यात एकही शब्द खोटा नव्हता. ती लढाई शंभर वर्षांपूर्वीची आहे, एवढंच मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतली दोन माणसं शाळेत आली. मी वर्गाच्या खिडकीतून पाहते आहे: एकाच्या काखेत तुमची वही, तुम्ही मधे, आणि तुमची सायकल भिंतीला टेकलेली. आठवड्याने तुम्ही परत आलात. वही आली नाही. तुम्ही पुन्हा कधी त्या शेताचं नाव काढलं नाहीत. वार्षिक परीक्षेच्या आधी मला बोलावून ती पेन्सिल माझ्या हातात ठेवलीत. "घे. मला आता लागत नाही." चाळीस मुलांत मीच का, सर? तुम्ही देत होतात, की सगळं कळलंय हे सांगत होतात? तेव्हापासून मी ते वाक्य उलटसुलट करून पाहते आहे, जसा बाबांनी तो खडा पाहिला होता. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. दहाव्यानंतर काकूंना भेटायला घरी आले, त्या चहा ठेवायला आत गेल्या, आणि मी तुमचं कपाट उघडून वह्या चाळल्या. वही कदाचित परत मिळाली असेल, तर माझ्या हातून काहीच बिघडलं नसेल, असं वाटलं होतं. ती तिथे नव्हती.

पेन्सिल अजून आहे. लाल टोक बोटभर झिजलंय, निळ्याला मी कधी चाकू लावला नव्हता. काल लावला. कागदावर बांध काढला, ओढा काढला, निळे कुठे उभे होते ते आठवेना. स्मरणिकेला नाही म्हणून कळवणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते दिवसच तसे होते, दहा वर्षांच्या पोरीला संशय आला, एवढंच. सर, मला तुमचा संशय कधी आलाच नव्हता. मला राग आला होता.