बोटांच्या खाचा

सोमवार, ३
पोचलो एकदाचा! खोली हवेशीर, पलंग मऊ आणि काम असं की जन्मभर करावं. मालकीणबाईंच्या वडिलांनी जमवलेल्या जुन्या गोल्फ स्टिका कपाटात ओळीने उभ्या आहेत. एकीच्या लाकडी डोक्यात मागून शिसं ओतलंय. एकीच्या लोखंडी पात्याला भोकं पाडलीत, पाण्यात पडलेला चेंडू मारता यावा म्हणून. एकीचा दांडा पोलादी, पण लोकांनी नाकं मुरडू नयेत म्हणून लाकडासारखा रंगवलेला. काय एकेकाचं डोकं! मी फक्त मुठींवरचं कुजलेलं चामडं बदलायचं. शेवटची स्टिक लहान मुलाची, तिची मूठ अजून कोरीच आहे. बाई म्हणाल्या, बायको-मुलीला बोलावून घ्या, घर भरल्यासारखं वाटेल. लगेच पत्र टाकलं. दोघी रविवारी येतील. चिमणी सहा वर्षांची घोडी झाली, तरी बाबाने उचलून घ्यायलाच हवं.

मंगळवार, ४
पहिली मूठ सोलली. चामड्याखाली कापडाऐवजी कागदाच्या पट्ट्या, त्यांवर कुणाचं तरी वेडंवाकडं अक्षर. 'येऊ नका' एवढंच लागलं. सासुरवाडीला लिहिलं असणार बिचाऱ्याने. पट्ट्या शेगडीत टाकल्या. खाली लाकडात बोटांच्या खाचा कोरलेल्या. बाई कौतुकाने म्हणाल्या, ही वडिलांची स्वतःची युक्ती. नवं चामडं चढवलं आणि धंद्याच्या सवयीने सरस धरेपर्यंत दोन्ही हातांनी मूठ आवळून बसलो. खाचा नेमक्या माझ्याच बोटांच्या मापाच्या निघाल्या. गंमत वाटली.

गुरुवार, ६
उजवा हात उघडत नाही. कालपासून. स्टिक सोडली, पण बोटं तशीच वळलेली राहिली. गरम पाणी, तेल, सगळं झालं. हे डाव्या हाताने लिहितोय, त्याचीही दोन बोटं आखडलीत. हात गेले तर मी खाणार काय? बाईंना घाबरत विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं.

शुक्रवार, ७
हिला पत्र लिहिलं. चिमणीला आणू नकोस. बाई म्हणाल्या, टाकते पेटीत. जाताना दार ओढून घेतलं. दाराला गोल पितळी मूठ — माझ्या हातांतून नुसती निसटते. खिडकीला गज.

शनिवार, ८
बाईंनी मंगळवारची ती स्टिक परत आणून दाखवली. चामडं नवं, आत काहीतरी भरलंय. दातांनी शिवण उसवली. कागदाच्या पट्ट्या. अक्षर माझं. 'आणू नकोस' —
त्या शेगडीतल्या — अरे देवा, मी हसलो होतो.
लहान स्टिकचं विचारलं. बाई म्हणाल्या, "तिला अजून हात मिळाला नाही."

रविवार, ९
पेन्सिल डाव्या मुठीत अडकलीय, निघत नाही. म्हणून हे —
फाटक वाजलं. चिमणी हसतेय.
ओरडलो. घसा फुटेपर्यंत. त्यांना वाटतं मी हाक मारतोय. "आले, बाबा," म्हणाली.
बाई तिला सांगतायत, बाबा कामात आहेत, तोवर ही लहान स्टिक धरून बघ, दोन्ही हातांनी —
चिमणे टाक ती टाक खाली
"बाबा, बघा ना, मला बरोब