बारा जणींचं पाकीट

नाशिकरोड,
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रफुल्ल,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. थंडी सुरू झाली आहे, सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. तुझ्या वडिलांचा गुडघा तसाच आहे आणि औषध न घेण्याचा हट्टही तसाच. वहिनी, तुझी आई, बरी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

तुझा मेसेज मिळाला. "बायकांना सांग मार्केट पडलं, पैसे बुडाले. आईला यातलं खरं कळू देऊ नकोस." फोन केला असता तर तू "आत्तू" म्हणाला असतास, आणि ते आत्तू ऐकलं की माझं डोकं चालेनासं होतं. कागदावर तुझा आवाज येत नाही म्हणून पत्र. तुझ्या मित्राच्या, चंदरच्या पुण्याच्या खोलीवर पाठवते, तू तिथंच आहेस हे मला कळलंय.

मार्केट पडलं म्हणे! मंडळातल्या संजनानं मोबाइलवर बघितलं. मार्केट आहे तिथंच आहे, आमचं पाकीट तेवढं रिकामं झालंय.

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुला ते एकदा माझ्या तोंडून ऐकायला लागावं.

विहाराला लागून मुलांसाठी अभ्यासिका बांधायची म्हणून आमच्या महिला मंडळानं ते पैसे साठवले होते. कुणी चार घरची भांडी घासून, कुणी ब्लाउज शिवून, कुणी शाळेत खिचडी शिजवून. मग कुणीतरी बिटकॉइनचं काढलं आणि आम्ही नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या हॉटेलात एका मीटिंगला गेलो. कोट घातलेला एक माणूस माइकवर ओरडत होता, "डबल किसको चाहिए?" आणि चांगल्या घरच्या बाया हात वर करत होत्या. पनीर तेलकट आणि तो माणूस पनीरहून तेलकट. आम्ही जेवलो आणि उठून आलो. त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचं आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं!

आमची संजना, शाळेत क्लार्क आहे ती, म्हणाली, "घ्यायचंच असेल तर थोडंसं घेऊ, आणि नोंदणी असलेल्या कंपनीतूनच. पॅन, आधार, बँकेचं खातं, सगळं सरळ." किती कंटाळवाणं वाटलं होतं ते! तू म्हणालास, "आणि कंपनी बुडाली तर? चावी आपल्या हातात पाहिजे." मोबाइलमध्ये पाकीट करता येतं, त्याला बारा इंग्रजी शब्दांची चावी असते, ते बारा शब्द ओळीनं ज्याच्याकडे त्याचे पैसे, असं तू समजावलंस. यात खोटं काही नव्हतं. तेच तर डोक्यात जातं. आम्ही तुझं ऐकलं आणि साठवलेल्या पैशांचं बिटकॉइन घेऊन त्या पाकिटात ठेवलं.

आमच्या बचत गटाची रीत तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पैशांची पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या. म्हणून आम्ही ठरवलं, बारा शब्द बारा जणींत वाटायचे. विहारात वंदनेला ज्या क्रमानं बसतो त्याच क्रमानं बसलो. वरचे-खालचे शब्द हातानं झाकून एकेकीनं आपला शब्द पाहिला आणि पाठ केला. लिहायचा नाही, बोलायचा नाही. वहिनीला 'गार्लिक' आला होता. आता सांगायला हरकत नाही. लसूण सोलताना ती तो पुटपुटायची आणि स्वतःशीच हसायची.

तू तेव्हा बाहेर चपलांपाशी पाठ फिरवून उभा होतास. "मी बघणारसुद्धा नाही," म्हणालास. पोरगं किती संस्कारी, असं आम्ही म्हणालो.

मग तू एकेकीला फोन केलेस. एकीला म्हणालास, मोबाइल अपडेट करायचाय. दुसरीला म्हणालास, बाकीच्यांनी दिले, तुमचाच राहिलाय. मला म्हणालास, "आत्तू, तू विसरली असशील बघ." मी? मी विसरेन? चिडून सांगून टाकला. चावीचे तुकडे केले, पण कुणी तुकडा मागितला तर बाकीच्यांना सांगायचं, एवढं आम्हाला सुचलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपल्या एकटीच्या शब्दानं काय होतंय.

पाकीट रिकामं दिसलं तेव्हा सगळ्या विहारात जमलो. "मी तर एकच सांगितला गं," असं जी ती म्हणायला लागली. संजनानं विचारलं, "पण क्रम? शब्द मागेपुढे झाले तर ते उघडत नाही. क्रम त्याला कुणी दिला?"

मग वहिनी म्हणाली, "मला इचारलं त्यानं. त्या दिवशी कोण कोणाशेजारी बसलं होतं म्हणून. मला वाटलं, पोरगं इतक्या दिसांनी विहाराची चौकशी करतंय. लय बरं वाटलं मला."

प्रफुल्ल, पैशांचा राग एक वेळ निवेल. याची किळस जायची नाही. आणि तुझ्या स्टेटसवरची ती नवी गाडी! तिला लिंबू-मिरची बांधलीस, तेही आपल्या बौद्ध घरातला असून. लाज अशी काही उरलीच नाही का रे?

तुझे वडील विहारात येऊन म्हणाले, "घरातलं घरात मिटवू. मी फेडीन हळूहळू. वस्तीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही." दोघीतिघींनी मानाही डोलावल्या. नात्याचा प्रश्न होता, मीही विरोध केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पांढरी साडी नेसून माझ्या दारात आली. मला वाटलं, विहारात निघाली. म्हणाली, "आशा, चल. संजनालाबी घे. त्याचा मेसेज आलाय ना तुला, तो मोबाइल संगं घे." मेसेजचं तिला कसं कळलं, देव जाणे असं म्हणायची आपल्यात सोय नाही. माझ्या तोंडावरच दिसलं असेल. रिक्षात मी तिला म्हटलं, "वहिनी, अजून विचार कर."

सायबर पोलिसांकडच्या साहेबांनी विचारलं, "तक्रार कोण देणार?"

"मी."

"संशय कुणावर?"

तिनं तुझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"तुमचा कोण?"

"मुलगा."

साहेबांचा हात थांबला. तेव्हा ती म्हणाली, "लिहा ना. मी काय खोटं बोलते का?"

घरी आल्यापासून ती जेवते, कामावर जाते, वेळेवर झोपते. रडलेली मी पाहिली नाही. पोलीस यायच्या आत तू स्वतः पैसे घेऊन ये. एवढंच सांगण्याइतकी माया माझ्यात अजून आहे, याचाही मला संताप येतो. आलास तर आधी विहारात जा आणि त्या बायकांसमोर उभा राहा. घरी वहिनी दार उघडेल की नाही, मला सांगता येत नाही, आणि तिला विचारायची माझी हिंमत नाही.

भिमाबाईची नणंद,
आशा