साबीरला दिलेला निळा कप

सफिया, आखातातल्या जलीबहून सलाम.

या महिन्यात मी एकट्याने तीन सागवानी दारं, एक दिवाण आणि इथल्या सलवा भागातल्या एका घराचं अख्खं स्वयंपाकघर केलं. तब्येत ठीक आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे?

इथल्या मेडिकल तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून माझ्या हाताखाली शिकलेल्या साबीरला गावी परत पाठवलं. तू त्याला माझ्या वर्कशॉपात काम दिलंस, ते बरोबर केलंस. पण दर फोनला त्याने केलेल्या कपाटाचंच कौतुक कशाला? त्यातला बिनखिळ्याचा सांधा त्याला मी शिकवला. मला कुणी शिकवला नव्हता. माझ्या दिवाणाबद्दल तू एका शब्दाने विचारलं नाहीस.

गावात त्याला कागदी कपात चहा देतात, तू माझ्या निळ्या कपात देतेस. हा आजार कपातून लागत नाही, मी डॉक्टरला विचारून खात्री केली आहे. तरी तो कप माझा आहे. त्याला दुसरा दे, चिनीमातीचाच.

काल शाळा कमिटीच्या हनीफशेठचा फोन आला. म्हणाले, "साबीरला काढ, चाळीस बाकांचं काम तुझं."

मी म्हटलं, "साबीरच्या हातची चालणार असतील तर बोला."

त्यांनी फोन ठेवला. काम एक लाख ऐंशी हजारांचं होतं.

तुझा,
नूरुद्दीन