भाऊबीजेला उघडं ठेवलेलं दार

मिरज

चि. चांगदेव यास ताईचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. कांद्याची लागण आटोपली का? आईचा गुडघा कसा आहे?

भाऊबीजेला मी ताट करून संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं. शेवटी तुझा फोन आला, "बाटलेल्या बहिणीचं ओवाळणं आमाला चालत न्हाई."

हे वारले तेव्हा मला जगावंसं वाटेना. तुम्ही कोणी फिरकला नाहीत. चर्चमधल्या बायका रोज डबा घेऊन यायच्या. त्यांच्यात बसता बसता येशूवर विश्वास बसला, म्हणून आज उभी आहे.

तुला क्षमा करायची मला मुळीच इच्छा नाही. पण प्रभूने मला क्षमा केली, ती माझी लायकी बघून नव्हे. म्हणून रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते. दात आवळून घेते, पण घेते.

तुझी थोरली बहीण,
मालन