डावा कान शाबूत आहे

रविवार, संध्याकाळ

आठवडाभर रेकॉर्ड लावली की डाव्या बाजूचा आवाज दबका येतोय. दुपारी धाकटे दीर आले, त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वैनी, मशीनले काई नाई झालं. तुमचा डावा कान गेला. विकून टाका हे, काऊन सांभाळून राह्यल्या?"

काऊन! हे होते तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही दोघं ऐकायचो, म्हणून.

दीर घरी गेल्यावर स्पीकरकडे पाठ करून बसले. आता दबका आवाज उजव्या कानाला. म्हणजे कान नाही! स्पीकर असेल? दोन्ही वायरींची अदलाबदल केली, तर दुसरा स्पीकर दबला. तोही नाही. राहिलं सुईचं कार्ट्रिज. त्याच्या मागच्या बारीक पिना हे खोडरबराने हलकेच पुसायचे. मशीन बंद करून मीही चारही पुसल्या. रेकॉर्ड लावली. दोन्हीकडून सारखा, भरून आवाज. डावा कान, म्हणे!

लगेच फोन केला. "भाऊजी, मशीन सुधारलं. ते कुठेही जाणार नाही."

"अन् मी उद्या कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला, त्याचं काय?"

"तुम्हीच जाऊन या," म्हटलं.